पहिले चौतीस सेक्टर

लिनक्स इन्स्टॉल करताना भाषा, कीबोर्ड, घड्याळ हे पडदे आपण भराभर पुढे ढकलतो आणि एका पडद्यापाशी हात थबकतो. डिस्कची वाटणी कशी करायची, असं तो विचारत असतो. हात थबकतो ते रास्तच आहे. तोवर नुसतं बोलणं चाललेलं असतं, इथून पुढे लिहिलं जाणार असतं. बरेचजण ‘संपूर्ण डिस्क वापरा’वर टिचकी मारतात आणि चहाला उठतात. त्या दोन-चार सेकंदांत डिस्कच्या अगदी सुरुवातीला काय लिहिलं गेलं, हे पाहायला कोणी मागे वळत नाही.

मी वळतो. आवडत्या पुस्तकाचं पहिलं पान पुन्हा उघडावं तसं मी हे लिखाण अधूनमधून उघडून वाचतो. ५१२ बाइटांचा एक सेक्टर धरला तर ते डिस्कच्या पहिल्या चौतीस सेक्टरांत मावतं. एकूण १७,४०८ बाइट. मोबाइलवर काढलेल्या एका फोटोच्या जागेत असे शंभरेक दस्तऐवज सहज राहतील. पण आपली भाषा न येणाऱ्या वाचकाची इतकी काळजी घेणारं लिखाण मी दुसरं पाहिलेलं नाही, आणि ते कसं हे दाखवण्यासाठीच हा लेख.

सेक्टर शून्यापासून मोजतात. शून्याव्या सेक्टराची घडी १९८३ सालची, पीसी-डॉस २.० बरोबर आलेली. त्याला मास्टर बूट रेकॉर्ड म्हणतात. ५१२ पैकी ४४६ बाइट सूचनांना, ६४ बाइट वाटणीच्या तक्त्याला आणि शेवटचे दोन सहीला. ४४६ बाइट म्हणजे किती, ते मराठीत मोजून पाहा. यूटीएफ-८ या रोजच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं, काना-मात्रा वेगळ्या धरायच्या. त्या हिशेबाने इथे १४८ चिन्हं बसतील, म्हणजे दोन ओव्या, त्याही जेमतेम. एवढ्या जागेत यंत्रभाषेत सांगायचं असतं: तक्ता वाच, ‘चालू’ अशी खूण असलेली वाटणी शोध, तिचा पहिला सेक्टर आण, कारभार त्याच्या हाती दे, आणि बिघडलंच काही, तर माणसाला कळेल असं एखादं वाक्य पडद्यावर उमटव. ओवीत जसा एक शब्द जास्त झाला की चाल मोडते, तसा इथे एक बाइट जास्त झाला की तक्त्यावर चढतो.

सही म्हणजे ५५ एए. हे सोळाच्या पायावरचे अंक दोनाच्या पायावर मांडले की ०१०१०१०१ आणि १०१०१०१० असे दिसतात. एकाचं बिंब दुसऱ्यात उलटं पडलेलं. मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असलेला आणि बटण दाबताच जागा होणारा बायोस हा सेक्टर स्मृतीत उचलून आणतो आणि शेवटच्या दोन बाइटांवर नजर टाकतो. मजकूर तो तपासत नाही, सही जुळली की पहिल्या बाइटापासून चालायला लागतो.

या अरुंद जागेत लिहिणाऱ्यांनी काय काय साधलं याचं एक उदाहरण सांगतो. लिलो नावाचा लिनक्सचा जुना बूटलोडर, म्हणजे प्रणाली सुरू करून देणारा प्रोग्राम, होता. सुरू होताना तो आपलं नाव एकेका अक्षराने पडद्यावर उमटवायचा. ‘एल’ दिसलं म्हणजे पहिला टप्पा चालू झाला. ‘आय’ दिसलं म्हणजे दुसरा टप्पा डिस्कवरून आणला. दुसरं ‘एल’ म्हणजे दुसरा टप्पा धावू लागला. ‘ओ’ दिसलं की सगळं जागेवर. मध्येच घोडं अडलं तर नाव अर्धवट राहायचं, आणि जेवढी अक्षरं उमटली तेवढ्यावरून दुरुस्ती करणाऱ्याला दुखणं कळायचं. लांबलचक संदेशाला जागाच नव्हती, म्हणून नावालाच संदेश केलं. ही युक्ती मला आजही सुंदर वाटते.

जुन्या तक्त्याच्या उणिवा मात्र खऱ्या होत्या. वाटण्या चारच, पाचवी हवी तर चारांतल्या एकीच्या पोटात आणखी वाटण्या काढायच्या. सेक्टरांचे क्रमांक ३२ बिटांचे, म्हणून साधारण दोन टेराबाइटांपलीकडची जमीन तक्त्याला दिसायचीच नाही. आणि ४४६ बाइटांच्या त्या एकुलत्या दारावर कायम भांडण. शेवटी जो इन्स्टॉल होईल त्याचं दार. विंडोज नव्याने टाकलं की लिनक्सची वाट बंद, हा अनुभव त्या काळात दोन्ही वापरणाऱ्या प्रत्येकाने घेतलेला आहे.

आता नवा तक्ता. त्याचं नाव जीपीटी, म्हणजे गुइड पार्टिशन टेबल. हल्लीच्या गप्पांतल्या जीपीटीशी त्याचा काही संबंध नाही. इंटेलने आपल्या इटेनियम प्रोसेसरसाठी बायोसच्या जागी जी नवी व्यवस्था आखली ती ईएफआय. तिची पहिली संहिता २००० साली आली, २००५ मध्ये ती अनेक कंपन्यांच्या मंचाकडे गेली आणि यूईएफआय झाली. हा तक्ता त्याच व्यवस्थेचा भाग.

तक्ता खरा सुरू होतो एक नंबरच्या सेक्टरापासून. मग शून्यावा सेक्टर रिकामा सोडायला हरकत नव्हती. पण तिथे जुन्या वळणाचा तक्ता लिहिलेला असतो, आणि त्यात एकच नोंद: प्रकार ईई, सुरुवात सेक्टर एक, शेवट डिस्कच्या टोकापर्यंत, किंवा जुन्या तक्त्याची नजर जाईल तिथपर्यंत. जुनं एखादं साधन नवा तक्ता न ओळखता या डिस्कवर आलंच, तर त्याला काय दिसेल? डिस्क पूर्ण भरलेली आहे, कोणीतरी अनोळखी तिथे राहतोय, मोकळी जागा नाही. म्हणजे ते ‘डिस्क रिकामी आहे, फॉरमॅट करू का’ असं विचारणार नाही. एसटीच्या खिडकीतून आत रुमाल टाकून जागा धरतात, तसा हा रुमाल. ज्याला आपली भाषा येत नाही त्याला त्याच्याच भाषेत एक वाक्य सांगून ठेवलं आहे. अख्ख्या लिखाणाचा स्वभाव मला या पहिल्या सेक्टरातच भेटतो.

एक नंबरच्या सेक्टरात तक्त्याचा मथळा असतो. त्यात आधी ‘ईएफआय पार्ट’ ही आठ अक्षरं येतात, मधली मोकळी जागा धरून. त्यामागून आवृत्ती, मग स्वतःची लांबी: ९२ बाइट. मग एक बेरीज. सीआरसी-३२ नावाची ही बेरीज म्हणजे मजकुरात एक बिट जरी इकडचा तिकडे झाला तरी न जुळणारा आकडा. यातली एक बारीक गोष्ट मी फार वेळ घोळवली आहे. ही बेरीज ज्या ९२ बाइटांची करायची, त्यांतच ती लिहायचीही आहे. मग ती स्वतःला कशी मोजणार? नियम असा आहे की मोजताना बेरजेचं घर शून्य धरायचं, बाकी सगळं मोजायचं, आणि आलेलं उत्तर मग त्या घरात भरायचं.

त्यापुढे दोन पत्ते असतात. पहिल्यात ‘मी सेक्टर एकमध्ये आहे’, दुसऱ्यात ‘माझी दुसरी प्रत डिस्कच्या शेवटच्या सेक्टरात आहे’. शेवटच्या सेक्टरात जाऊन पाहिलं तर तेच दोन पत्ते आलटून पालटून लिहिलेले. सुरुवातीला आधी मथळा आणि मागून वाटण्यांच्या नोंदी. शेवटाला आधी नोंदी आणि अगदी टोकाला मथळा. जमिनीचे कागद तलाठ्याकडे एक आणि तालुक्याला एक असावेत, तशी ही सोय, आणि दोन्ही कागदांवर एकमेकांचा ठावठिकाणा.

या सोयीचं मोल मला एका दुपारी कळलं. पेनड्राइव्ह नव्याने वापरायचा म्हणून त्याचा पहिला एक मेगाबाइट शून्यांनी भरायची आज्ञा मी दिली, आणि एंटर दाबल्यावर दिसलं की डिस्कच्या नावातलं शेवटचं अक्षर चुकलंय. पुसला गेला तो पेनड्राइव्ह नव्हता. घरातल्या सगळ्या फोटोंची डिस्क होती. पोटात गोळा आला. मग रॉड स्मिथ यांचं जीडिस्क हे वाटण्यांचं साधन उघडलं. त्याने सांगितलं की पुढचा मथळा निकामी आहे, पण मागची प्रत ठीक आहे. दुरुस्तीच्या मेनूतून मागचा मथळा आणि मागच्या नोंदी उचलल्या, वाटण्या डोळ्यांनी तपासल्या, लिहिल्या. सगळे फोटो जागेवर होते. हल्लीची साधनं पहिली वाटणी २०४८ क्रमांकाच्या सेक्टरापासून सुरू करतात, म्हणजे बरोबर एक मेगाबाइटानंतर. मी पुसलं होतं तेही बरोबर तेवढंच. तक्ता गेला, वाटणीतला एक बाइटही गेला नाही.

सेक्टर दोनपासून तेहेतीसपर्यंत नोंदी. १२८ घरं, प्रत्येक १२८ बाइटांचं. माझ्या लॅपटॉपवर त्यांतली तीनच भरलेली आहेत. प्रत्येक घरात आधी वाटणीचा प्रकार, मग तिचा स्वतःचा क्रमांक, मग सुरुवात आणि शेवट, काही खुणा आणि शेवटी नाव. हे प्रकार सांगणारे क्रमांक वरवर पाहता नुसती अंकांची गर्दी. जरा जवळ जाऊन वाचू.

बूटच्या फायली ठेवायच्या वाटणीला ईएफआय सिस्टिम पार्टिशन, थोडक्यात ईएसपी म्हणतात. तिच्या प्रकाराचा क्रमांक असा: सी१२ए७३२८-एफ८१एफ-११डी२-बीए४बी-००ए०सी९३ईसी९३बी. तिसऱ्या गटाची सुरुवात १ ने आहे, म्हणजे हा पहिल्या पद्धतीचा क्रमांक. त्या पद्धतीत यंत्राचं घड्याळ आणि नेटवर्क कार्डाचा पत्ता मिळून क्रमांक घडतो. शेवटच्या गटाची सुरुवात ००ए०सी९. नेटवर्क पत्त्यांमधला हा उपसर्ग इंटेलच्या नावावर आहे. पहिल्या तीन गटांत वेळ आहे. १५ ऑक्टोबर १५८२ या दिवसापासून, म्हणजे ग्रेगरियन कॅलेंडर सुरू झालं तेव्हापासून, सेकंदाच्या एक कोटीव्या भागाने मोजलेली. गट मागून पुढे जोडून मी हिशेब केला. २१ एप्रिल १९९९ ही तारीख आली, ग्रीनिचला संध्याकाळचे साडेसात वाजायला आले असताना. त्या यंत्राचं घड्याळ बरोबर असेल, तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा भर दुपार होती. आज आपण कुठल्याही गावात लॅपटॉपवर ईएसपी काढतो, तेव्हा त्या दुपारची नोंद आपल्या डिस्कवर उमटते. पत्रिका घेऊन जन्मलेला आकडा आहे हा.

लिनक्सच्या साध्या वाटणीचा क्रमांक ०एफसी६३डीएएफ ने सुरू होतो आणि त्याच्या तिसऱ्या गटाची सुरुवात ४ ने आहे. चौथी पद्धत म्हणजे चिठ्ठ्या टाकून काढलेला क्रमांक. त्याला ना जन्मवेळ, ना गाव. पण तो असण्यामागे एक धडा आहे. सुरुवातीला लिनक्सची साधनं आपल्या वाटण्यांना मायक्रोसॉफ्टच्या साध्या डेटा वाटणीचाच क्रमांक देत असत. दोन्ही प्रणाली एका डिस्कवर नांदू लागल्यावर विंडोजला तिथे आपल्याच शिक्क्याची, पण न वाचता येणारी वाटणी दिसायची आणि ते ती फॉरमॅट करायला पुढे व्हायचं. मग लिनक्सने स्वतःचा क्रमांक घेतला. तो पाहून विंडोजला एवढं कळतं की हे आपलं नाही.

आणखी एक क्रमांक: २१६८६१४८-६४४९-६ई६एफ-७४४ई-६५६५६४४५४६४९. जुना बायोस असलेल्या संगणकावर नवा तक्ता वापरायचा असेल तर ग्रब या बूटलोडरला स्वतःचा मजकूर ठेवायला छोटी वाटणी लागते, तिचा हा. छापील रूपात त्यातून काही बोध होत नाही. पण डिस्कवर लिहिताना पहिल्या तीन गटांतले बाइट उलट क्रमाने पडतात. त्या क्रमाने अक्षरं वाचली की इंग्रजी वाक्य लागतं: ‘हा! आय डोन्ट नीड ईएफआय’. मला ईएफआयची गरज नाही! कागदावर मुका असलेला हा क्रमांक प्रत्यक्ष डिस्क वाचणाऱ्याशीच बोलतो. सोळा बाइटांत, एकही वाया न घालवता.

नोंदीच्या शेवटी नावासाठी ७२ बाइट आहेत आणि अक्षरं यूटीएफ-१६ पद्धतीने लिहायची आहेत. म्हणजे छत्तीस चिन्हं, आणि देवनागरीतलीही चालतात! मी माझ्या फायलींच्या वाटणीला ‘घर’ असं नाव दिलं आहे. टर्मिनलमध्ये ते १८ ०९ ३० ०९ असं दिसतं. १८ ०९ म्हणजे घ, ३० ०९ म्हणजे र. कुठलंही देवनागरी अक्षर असलं तरी त्याच्या मागे तो ०९ येतोच. शून्यांच्या ओसाड रांगांत हे चार बाइट दिसले त्या दिवशी मी बराच वेळ त्या पडद्याकडे पाहत बसलो होतो.

चौतीस सेक्टर इथे संपतात. पण त्यांनी ज्या ईएसपीकडे बोट दाखवलं तिच्यात डोकावल्याशिवाय वाचन पुरं होत नाही. वाड्याला जशी देवडी, तशी डिस्कला ही वाटणी. यूईएफआय आधी इथे येतं. तिची मांडणी फॅट कुळातली, ज्याचं मूळ १९७७ पर्यंत मागे जातं. त्यापेक्षा पक्क्या मांडण्या कितीतरी आहेत, तरी फॅटच निवडलं, कारण ते वाचायला सोपं आणि सगळ्यांना येणारं. बाजारात चालते ती बोली. देवडीत प्रत्येक प्रणालीला स्वतःचा फोल्डर मिळतो, विंडोजचा वेगळा, डेबियनचा वेगळा. ४४६ बाइटांवरचं भांडण त्यामुळे बरंचसं मिटलं. इथल्या प्रत्येक प्रोग्रामची पहिली दोन अक्षरं ‘एमझेड’. ही मायक्रोसॉफ्टचे अभियंते मार्क झ्बिकोव्स्की यांची आद्याक्षरं. २०१२ साली आलेल्या ३.३ आवृत्तीपासून लिनक्सचं कर्नल थेट यूईएफआयकडून सुरू होऊ शकतं, आणि त्यासाठी कर्नलची फाइलही याच दोन अक्षरांनी सुरू करावी लागते. लिनक्सने ती आनंदाने लावून घेतली, कारण यूईएफआयला तेवढंच वाचता येतं.

इथे माझी एक तक्रार आहे, आणि ती आवडीपोटीच आहे. तक्त्याच्या दोन प्रती ठेवणाऱ्यांनी देवडीची दुसरी प्रत सांगितलीच नाही. शिवाय कोणाला आधी सुरू करायचं याची यादी डिस्कवर नसते, ती मदरबोर्डच्या स्मृतीत असते. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावली की यादी मागे राहते. तारायला असतो तो एक ठरलेला पत्ता: ईएफआय फोल्डरात बूट फोल्डर, त्यात बूटएक्स६४ ही फाइल. यादीत काहीच सापडलं नाही तर यूईएफआय तिथे पाहतं. पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल होतं ते याच पत्त्यामुळे. म्हणून लिनक्स टाकताना बूटलोडरची एक प्रत त्या पत्त्यावरही ठेवावी असं माझं मत आहे. डेबियनचा इन्स्टॉलर तज्ज्ञ पद्धतीत हे आपणहून विचारतो. हो म्हणावं.

साधनांबद्दलही दोन शब्द. एफडिस्क उघडलं की ते आधीच बजावतं की तुम्ही कराल ते बदल सध्या स्मृतीतच राहतील, लिहायला सांगाल तेव्हाच डिस्कवर जातील. वाटण्या काढा, मोडा, पुन्हा काढा. ‘डब्ल्यू’ दाबेपर्यंत डिस्कला धक्का नाही, आणि ‘क्यू’ दाबलं की काही घडलंच नाही असं समजून बाहेर. पार्टेड हे दुसरं साधन प्रत्येक आज्ञा तिथल्या तिथे अमलात आणतं. कामाला ते चांगलं आहे, पण नवशिक्याच्या हातात मी एफडिस्कच देईन.

आणि आधी नुसतं वाचून पाहा. त्यासाठी काही इन्स्टॉल करावं लागत नाही, चालू लिनक्सवरच्या टर्मिनलमधून, रूटच्या अधिकाराने, हेक्सडंप या आज्ञेला ‘-C’ हा पर्याय, ‘-n’ मागे १७,४०८ हा आकडा आणि आपल्या डिस्कचं नाव दिलं की पुरे. ती फक्त वाचते, काहीही लिहीत नाही. रिकाम्या रांगांच्या जागी ती एक तारा छापते. डावीकडे २०० हा पत्ता आला की उजव्या बाजूला ‘ईएफआय पार्ट’ दिसेल. तिथून सुरुवात करा.